बाटली न दाखवता विकलेली दारू

मे महिना सरत आला की जालना जिल्ह्यातल्या गावोगावच्या भिंती रंगायला लागतात. कापूस, मका, सोयाबीन, तूर अशा एकेका वाणाचं नाव हातभर अक्षरांत उमटतं. बी-बियाणांचा हा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथेच महिको उभी केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पेरणीच्या तोंडावर भिंत रंगवणारी कंपनी हा खर्च कुणासाठी करते, हे इथला कुठलाही शेतकरी सांगेल. दहा वर्षं तेच बियाणं नेणाऱ्यासाठी नाही. ज्यानं अजून ते घेतलेलंच नाही त्याच्यासाठी, आणि ज्याचा मुलगा उद्या औत हाती धरणार आहे त्याच्यासाठी.

जाहिरातीचं काम इतकं नेमकं ओळखणाऱ्या या मुलखातही दारूच्या जाहिरातींचा विषय निघाला की लोक म्हणतात, "त्यानं काय होतंय? ज्याला प्यायची तो पितोच." हे बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या एका वाक्यात निदान पाच-सहा गैरसमज एकमेकांत गुंतले आहेत, आणि त्यांची किंमत सतरा-अठरा वर्षांची मुलं मोजतात. म्हणून ते एकेक करून सोडवायला हवेत.

"दारूच्या जाहिरातीला बंदीच आहे की"

बंदी आहे, हे खरं. 1949 च्या दारूबंदी कायद्याचं कलम 24 मादक द्रव्यांच्या जाहिराती प्रसिद्ध करायला मनाई करतं. हा कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि त्याच्याच आधारे प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. दुकानात देशीसाठी दोन रुपयांचा आणि विदेशीसाठी पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना फाडतात, तोच हा. टीव्हीवरच्या जाहिरातींसाठी केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम आहेत. त्यातला सातवा नियम दारू, सिगारेट, तंबाखू यांचा थेट किंवा आडून प्रचार करणारी जाहिरात दाखवू देत नाही.

आता कुठल्याही तरुण मुलाला पाच व्हिस्कींची नावं विचारून बघा. त्यानं थेंबभर चाखलेली नसली तरी तो नावं सांगेल, बाटलीवरचा रंग सांगेल, कदाचित घोषवाक्यही म्हणून दाखवेल. बंदी असताना हे त्याच्यापर्यंत आलं कसं?

ते सोडा होऊन आलं. पिण्याचं पाणी, गाण्यांची सीडी, कॅलेंडर, विमान कंपनी, फॅशन शो आणि संगीत महोत्सव होऊन आलं. बाटलीवर जे नाव, जे चिन्ह, जो रंग, तोच दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी वस्तूवर चढवायचा आणि त्या वस्तूची जाहिरात करायची. याला छुपी जाहिरात म्हणतात. 'रॉयल स्टॅग' आणि 'इम्पिरियल ब्लू' यांच्या जाहिरातींत शेवटी 'म्युझिक सीडी' असं लिहिलेलं असायचं. ती सीडी घ्यायला दुकानात गेलेला माणूस भेटणं मात्र कठीण. किंगफिशर नावाची विमानं 2005 ते 2012 या काळात आकाशात होती. पुण्यात 2010 पासून भरलेल्या एनएचसेव्हन वीकेंडर या मोठ्या संगीत महोत्सवाच्या नावापुढे रम बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं.

सर्वांत लांब पल्ल्याचं उदाहरण क्रिकेटचं आहे. आयपीएल 2008 साली सुरू झाली तेव्हा विजय मल्ल्यांच्या मद्य कंपनीनं बंगळुरूचा संघ घेतला आणि त्याला आपल्या व्हिस्कीचं नाव दिलं. 'रॉयल चॅलेंज' हा व्हिस्कीचा ब्रँड आहे आणि संघ झाला रॉयल चॅलेंजर्स. 3 जून 2025 रोजी तो संघ पहिल्यांदा स्पर्धा जिंकला, तेव्हा देशभर फटाके वाजले. ज्या मुलांनी ते नाव आनंदानं ओरडून म्हटलं, त्यांच्यात दहा-बारा वर्षांची मुलंही होती. खेळाडूंनी किंवा चाहत्यांनी काही गैर केलं असं मला म्हणायचं नाही. प्रश्न एवढाच की, लहानपणीच्या सर्वांत निर्मळ आनंदाला एका व्हिस्कीचं नाव चिकटवून ठेवायची परवानगी आपण का दिली? त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांना आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून सामन्यांदरम्यान तंबाखू आणि दारूच्या, छुप्यासुद्धा, जाहिराती बंद करा असं सांगावं लागलं. बंदी पुरेशी असती तर हे पत्र लिहायची गरजच पडली नसती.

फ्रान्समध्ये हेच कसं हाताळलं ते पाहण्यासारखं आहे. दारू ही तिथल्या जेवणाचा भाग, द्राक्षबागा हा अभिमानाचा विषय. तरी 1991 च्या एव्हँ कायद्यानं तिथे टीव्हीवर आणि चित्रपटगृहांत दारूची जाहिरात बंद झाली. युरोपातल्या रग्बीच्या एका मोठ्या स्पर्धेला बिअर कंपनीचं नाव होतं, 'हाइनिकन कप'. फ्रान्समध्ये मात्र तिला 'एच कप' म्हणावं लागे.

आपल्याकडे पळवाट कुठे आहे हेही समजून घ्यायला हवं. 2009 मध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार दारूचं नाव वापरणाऱ्या दुसऱ्या वस्तूची जाहिरात करता येते, पण तीत दारूकडे थेट वा आडून बोट दाखवायचं नाही, दारूशी जोडलेले रंग, मांडणी आणि प्रसंग वापरायचे नाहीत, आणि सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र घ्यायचं. जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेचे, म्हणजे एएससीआयचे, निकष आणखी नेमके आहेत. ती दुसरी वस्तू खरोखर बाजारात असायला हवी आणि तिची विक्री ठरावीक रकमेच्या वर, देशभरात वर्षाला पाच कोटी किंवा राज्यात एक कोटी रुपये, असायला हवी. पुढे 9 जून 2022 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं आणून छुप्या जाहिराती स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याच तत्त्वांत असंही म्हटलं आहे की, केवळ ब्रँडचं नाव वापरलं एवढ्यावरून जाहिरात छुपी ठरत नाही. एवढी फट मोठ्या कंपनीला पुरते.

"जाहिरात पिणाऱ्यांसाठी असते, न पिणाऱ्याला ती काय करणार?"

मद्य उद्योगाचा हा आवडता युक्तिवाद. पिणारा आमच्याकडून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून आमच्याकडे वळतो, बाकी काही होत नाही, असं तो सांगतो. या दाव्याची तपासणी झालेली आहे. मुलांना आधी गाठून, त्यांनी किती जाहिराती पाहिल्या याची नोंद करून आणि मग काही काळानं ती प्यायला लागली का हे पाहणारे अभ्यास जगात अनेक झाले. अशा 13 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून 38 हजारांवर मुलं होती. 13 पैकी 12 अभ्यासांत एकच गोष्ट दिसली. जाहिराती जास्त पाहणारी मुलं पुढे प्यायला लागण्याची शक्यता जास्त होती, आणि जी आधीच पीत होती त्यांचं पिणं वाढण्याचीही.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. 18 ते 29 वयाच्या 80 विद्यार्थ्यांना घरच्यासारख्या खोलीत चित्रपट दाखवला. काहींच्या चित्रपटात पिण्याची दृश्यं भरपूर होती, काहींच्या चित्रपटात कमी. मध्ये जाहिराती होत्या. काहींना दारूच्या दिसल्या, काहींना दुसऱ्या कशाच्या. खोलीतल्या फ्रिजमधून हवं ते घ्यायची मुभा होती. ज्यांनी पिण्याची दृश्यं आणि दारूच्या जाहिराती दोन्ही पाहिल्या, ते दोन्ही न पाहिलेल्यांपेक्षा सरासरी दीड ग्लास जास्त प्यायले. तासाभराच्या पाहण्यानं एवढा फरक पडला. कुणी कुणाला आग्रह केला नव्हता.

आपल्या देशातली माहितीही आहे. दिल्लीतल्या 12 शाळांमधल्या सुमारे चार हजार मुलांचा अभ्यास 2012 मध्ये जागतिक हृदयरोग परिषदेत मांडला गेला. ही मुलं 12 ते 16 वर्षांची होती. हिंदी चित्रपटांतली पिण्याची दृश्यं ज्यांनी सर्वांत जास्त पाहिली होती, त्यांच्यात दारू चाखून बघितल्याचं प्रमाण सर्वांत कमी पाहणाऱ्यांच्या जवळपास पावणेतीनपट होतं. चित्रपटामुळेच ती प्यायली असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, घरचं वातावरण आणि मित्र यांचाही वाटा असतो. पण असे अभ्यास वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतीनं झाले आणि जवळजवळ सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा "काही होत नाही" असं म्हणायला जागा उरत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात या युक्तिवादाला आणखी एक उत्तर आहे. आपल्याकडे बिअर आणि वाईनसाठी किमान वय 21 आहे, तर व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी 25. म्हणजे जालन्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात पदवीला बसलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा कायद्यानं व्हिस्कीचं गिऱ्हाईक नाही. त्याच्यापर्यंत पोहोचलेली व्हिस्कीची प्रत्येक छुपी जाहिरात, ज्याला ती विकताच येत नाही अशाच माणसापर्यंत पोहोचलेली असते.

"आपल्याकडे देशी आणि हातभट्टी चालते, तिची कुठे जाहिरात असते?"

हा प्रश्न खेड्यातून हमखास येतो आणि त्यात तथ्य आहे. देशीच्या दुकानाला जाहिरात लागत नाही. 'सरकारमान्य' ही पाटीच पुरते. हातभट्टीला तर पाटीही नको. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या 2019 च्या सर्वेक्षणात देशभरात देशी आणि 'इंग्लिश' यांचा वापर साधारण सारखाच, सुमारे तीस-तीस टक्के, आढळला. बाप देशी पितो म्हणून उद्ध्वस्त झालेली घरं मराठवाड्यात नवी नाहीत, आणि त्या दुःखाशी जाहिरातीचा संबंध कमी आहे.

पण पुढची पिढी बापासारखी सुरुवात करत नाही. देशीच्या गुत्त्यावर बसण्याची तिला लाज वाटते. जाहिरात नेमकी तिथे शिरते. देशी म्हणजे मागासलेपण, बिअर म्हणजे मित्रमंडळ, इंग्लिश म्हणजे 'आपलं काहीतरी झालं' अशी एक चढती शिडी तिनं मनात उभी केली आहे. पहिला पगार, बारावीचा निकाल, वाढदिवस, मित्राची हळद, निवडणुकीतला विजय अशा प्रत्येक आनंदाच्या प्रसंगाला 'पार्टी' हा शब्द जोडला गेला आणि पार्टीचा अर्थ ठरून गेला. दारूमुळे बापाची झालेली दैना रोज पाहणारा मुलगासुद्धा स्वतःच्या ग्लासाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. "मी तसा पीत नाही, मी एन्जॉय करतो," असं तो मनापासून सांगतो. हे वाक्य त्याला घरानं शिकवलेलं नाही, शाळेनंही नाही.

आणि आता गाव दूरही राहिलेलं नाही. केबलचे नियम केबलपुरते. मोबाइलवरच्या रीलमध्ये गाडीच्या बोनेटवर बाटल्या मांडून कुणी गाणं लावतं, त्याचे पैसे कंपनीनं दिलेत की पोरानं हौसेनं केलंय हे कळायला मार्ग नाही. बऱ्याचदा हौसच असते. म्हणजे कंपनीचं काम फुकटात झालं. वरातीतल्या डीजेवर 'चार बोतल व्होडका' वाजतं, तेव्हा आठ-नऊ वर्षांची लेकरं पुढे नाचत असतात आणि मोठी माणसं कौतुकानं व्हिडिओ काढतात. नोव्हेंबर 2024 मध्ये पुण्यात दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमात दारू विक्रीचा परवाना ऐन वेळी थांबवण्यात आला, त्यावर राज्यभर चर्चा झाली. गावातल्या वरातीवर अशी चर्चा कधी होत नाही.

"बिअर आणि वाईन म्हणजे दारू नव्हे"

27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य महिनाभर टीव्हीवर घुमलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय पुढे बारगळला. वाक्य मात्र राहून गेलं.

हिशेब करून बघू. आपल्याकडे खपणाऱ्या 'स्ट्राँग' बिअरमध्ये आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. 650 मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे 52 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल झालं. व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये ते सुमारे 26 मिलिलिटर असतं. म्हणजे "फक्त एक बिअर घेतली" म्हणणाऱ्या मुलानं व्हिस्कीचे दोन लार्ज घेतले. मग तो दुचाकीला किक मारतो. शरीराला बाटलीचा आकार कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अल्कोहोलला 1988 सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि जानेवारी 2023 मध्ये संघटनेनं सांगितलं की, आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. बिअर, वाईन, व्हिस्की असा भेद त्यात नाही.

वयाचा मुद्दा याहून गंभीर आहे. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 15 वर्षांच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या पूर्ण आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होतं. निर्णय घेणारा, स्वतःला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. 25 ही वयोमर्यादा अनेकांना जुनाट वाटते, मला ती वाटत नाही.

"पडद्यावर इशारा येतोच की"

कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे' येतं आणि जातं. तंबाखूसाठी 2012 पासून चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर वेगळी चित्रफीत दाखवावी लागते. दारूसाठी तेवढंही नाही. सेन्सॉर मंडळाच्या 1991 च्या मार्गदर्शक सूचना पिण्याचं समर्थन किंवा उदात्तीकरण करणारी दृश्यं नकोत असं सांगतात, पण ओटीटीवरच्या मालिका मंडळाकडे जातच नाहीत. तिथे 2021 च्या नियमांनुसार वयाची श्रेणी लिहायची आणि पालकांसाठी कुलूप द्यायचं, एवढंच. ज्या घरात सगळ्यांचा मिळून एक फोन आहे आणि त्याचा पासवर्ड मुलालाच ठाऊक आहे, तिथे ते कुलूप लावणार कोण?

दारू दाखवूच नये असं मात्र मी म्हणणार नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकात दारूच दारू आहे. पण पिणाऱ्या सुधाकराचं काय झालं, त्याच्या बायकोच्या, सिंधूच्या वाट्याला काय आलं, हे सगळं रंगमंचावर घडतं. आजच्या पडद्यावर नायक रात्री पितो आणि सकाळी तजेलदार उठून मारामारी जिंकतो. मधली रात्र, उलटी, घरातली भीती, दवाखान्याचं बिल, बायकोचं गहाण पडलेलं मंगळसूत्र यांतलं काहीच दिसत नाही. फसवणूक त्या गाळण्यात आहे.

"आजकाल सगळेच पितात"

या सगळ्यांत सर्वांत खोटं वाक्य हे, आणि जाहिरातीचं सर्वांत मोठं यशही हेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 14 टक्क्यांनी आपण दारू पितो असं सांगितलं. बायकांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. घरी येऊन विचारल्यावर काही जण लपवतात, हे मान्य. म्हणून आकडा दुप्पट धरा. तरीही शंभरातले सत्तर पुरुष न पिणारे उरतात. एम्सच्या 2019 च्या सर्वेक्षणात 10 ते 17 वयोगटात दारू घेणाऱ्यांचं प्रमाण 1.3 टक्के होतं. देशभरात ती सुमारे 30 लाख मुलं भरतात, म्हणून आकडा लहान नाही. पण वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा "सगळे घेतात, तूच राहिलास" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत असतो, हे त्या दुसऱ्या मुलाला आकड्यानिशी माहीत असलं पाहिजे. न पिणारे रील टाकत नाहीत, म्हणून ते दिसत नाहीत.

"तक्रार करून काय उपयोग?"

उपयोग होतो, पण नेमकी तक्रार करावी लागते. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयानं महामार्गालगतच्या दारू दुकानांबद्दल निकाल दिला. दुकानांच्या अंतरावर पुढे बराच खल झाला, शहरी हद्दींना सूटही मिळाली. पण त्याच निकालात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरचे दारू मिळत असल्याचे फलक आणि जाहिराती ताबडतोब काढण्याचा आदेश होता, याची आठवण फार थोड्यांना आहे. महामार्गावर, मग तो जालना-छत्रपती संभाजीनगर असो किंवा दुसरा कुठला, असा फलक दिसला तर तारीख आणि ठिकाणासह छायाचित्र काढून राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. टीव्ही, वर्तमानपत्र किंवा मोबाइलवरच्या छुप्या जाहिरातीसाठी एएससीआयच्या संकेतस्थळावर तक्रार करता येते, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही. 'सोडा' म्हणून जाहिरात आहे ना, मग तो सोडा तालुक्यातल्या किती दुकानांत मिळतो हे विचारून अर्जात लिहा. जाहिरातीपलीकडे ती वस्तू खरोखर आहे का, हे तपासायला तोच पुरावा लागतो.

दुकानच नको असेल तर गावाच्या हाती त्याहून मोठा अधिकार आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं तर मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हं असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. झालेल्या मतदानाच्या निम्मे नव्हे, एकूण मतदारांच्या निम्मे. त्यामुळे त्या दिवशी घरात राहिलेलं प्रत्येक मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतं. ज्या मुलाला सवय लागूनच गेली आहे त्याच्यासाठी, आणि त्याच्या आईवडिलांसाठी, 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, त्यावर बोलायला पैसे लागत नाहीत.